बाथरूम कोरडं होतं

बायकोच्या जबड्याच्या बाबतीत पहिला संशय मीच घेतला होता, हे आता कोणाला आठवत नाही. बाकीच्यांनी तो नंतर घेतला, आणि माझ्यावर घेतला.

संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात असतो. बाहेरून तयार होऊन आलेले सुटे भाग घ्यायचे की परत पाठवायचे, हे मी ठरवतो. आलेला प्रत्येक नग सदोष आहे असं धरून सुरुवात करायची. चांगला निघाला तर त्याचं नशीब. ही सवय घरी येताना गेटवर काढून ठेवता येत नाही. दूध, भाजी, गॅसची टाकी, पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा, सगळं माझ्या नजरेखालून जातं. बायको म्हणते, हे देवाचा प्रसादसुद्धा उलटापालटा करून बघतात.

दोन वर्षांपूर्वी तिला साखर निघाली, तेव्हापासून तिची गोळीही माझ्या ताब्यात आहे. सकाळी नाश्त्याआधी गोळी तिच्या हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. शेवटी मी म्हणतो, "तोंड उघड बघू." ती जीभ वर करून दाखवते आणि मग तासभर माझ्याशी बोलत नाही. पण तिच्या भरवशावर सोडण्यात अर्थ नव्हता. संकष्टी, सोमवार, एकादशी, जो उपास दिसेल तो धरायचा अशी तिची रीत. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा तिनं त्यांच्यासमोर सगळे उपास सोडायचं कबूल केलं. हरतालिकेचासुद्धा. पूजा करायची, वाळूची पिंड मांडायची, पण खाऊनपिऊन, असं ठरलं. गेल्या वर्षी तिनं ते पाळलंही होतं.

यंदा हरतालिकेच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे गोळी दिली, तोंड बघितलं. तिनं माझ्यासमोर पोहे वाढून घेतले, वर लिंबाची फोड ठेवली. मी माझे खाऊन पंचवटीत पत्री आणायला निघालो, कारण गणपतीच्या आदल्या दिवशी उशिरा गेलं की दूर्वांच्या नावाखाली गवत गळ्यात मारतात. आदल्या संध्याकाळी मखरावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. मला पुठ्ठ्याचं करायचं होतं, तिला कापडाचं हवं होतं. माझा आवाज मुळात मोठा. तो मी चढवला की खालच्या मजल्यावर पोचतो, आणि तो पोचला होता. पुठ्ठा कापताना उजव्या हाताच्या बोटाच्या पेरावर पातं लागलं म्हणून त्यावर पट्टी होती. या दोन गोष्टी तेव्हा क्षुल्लक वाटल्या होत्या.

पत्री, दूर्वा, केवडा, फळं असं सगळं घेऊन परतलो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला जरा टेकलो, मग वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. हनुवटीवर पदराचा बोळा दाबलेला, पदर रक्तानं भिजलेला. तोंड अर्धवट उघडं होतं आणि खालचे दात एका बाजूला सरकल्यासारखे दिसत होते. काय झालं विचारल्यावर तिला शब्द नीट उमटवता येईनात, पण कळलं. बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती म्हणत होती.

खालच्या मजल्यावरच्या बाई धावत आल्या आणि त्यांनी तिला उठवलं. मी स्वच्छ पंचा आणायला बाथरूममध्ये गेलो. बाथरूम कोरडं होतं. बादली पालथी, साबण कोरडा, पायपुसणं खडखडीत. रक्ताचा एक थेंब नाही. रक्त होतं ते स्वयंपाकघरात, देव्हाऱ्यासमोरच्या फरशीवर. म्हणजे ही इथं पडली आणि सांगते तिथं पडले. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला स्टुलावर चढायचं नाही, असं मी तिला शंभरदा बजावलं होतं. स्टूल पाहिलं, तर ते जागेवर होतं. पण जागच्या जागी असलेल्या वस्तूंवरच माझा जास्त संशय असतो. रिक्षात मी एकदाच विचारलं, खरं काय ते सांग. तिनं डोळे मिटून घेतले.

दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता. त्यानं तिची हनुवटी पाहिली, कानापुढे दोन्हीकडे बोटं ठेवून तोंड उघडायला सांगितलं, ती कळवळली. मग त्यानं कसं झालं विचारलं. मी म्हटलं, बाथरूममध्ये घसरली. हे ऐकताना तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मग त्याची नजर माझ्या पट्टीवर आली आणि तिथं जरा थांबली. ती नजर मला ओळखीची होती. मालाची पेटी उघडल्यावर मी तशीच बघतो.

बोटाला टोचून साखर तपासली तर ती फार कमी निघाली. सिस्टरनं ताबडतोब ग्लुकोजची बाटली लावली. तिनं मला विचारलं, आज हरतालिका, काकूंनी उपास धरलाय का. तिचा स्वतःचाही होता म्हणे. मी ठासून सांगितलं की उपास बंद आहेत, सकाळी पोहे खाल्लेत, माझ्यासमोर. बायकोनंही हळूच मान हलवली. डॉक्टर म्हणाला की खाऊन एवढी कमी येत नाही सहसा. मग फार साध्या आवाजात त्यानं विचारलं, घरी जेवणखाण वेळेवर मिळतं ना त्यांना. मला त्या प्रश्नाचा अर्थ कळायला जरा वेळ लागला, आणि कळला तेव्हा कानशिलं तापली.

त्यातच मी एक चूक केली. तिचे ओठ सुकले होते म्हणून पिशवीतल्या बाटलीतलं पाणी बुचात घेऊन तिच्या ओठांशी नेलं. तिनं मोडक्या जबड्यानिशी तोंड फिरवलं आणि माझा हात ढकलला. एवढ्या जोरात, की पाणी चादरीवर सांडलं. सिस्टर म्हणाली, काका, आता तोंडातून काही द्यायचं नाही, ऑपरेशन लागेल. पण तिनं ते ढकलणं पाहिलं होतं. त्यानंतर ती माझ्या आणि खाटेच्या मध्येच उभी राहिली. इतक्या वर्षांत बायकोनं माझ्या हातचं पाणी नाकारलं नव्हतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं.

जबडा मोडलेला माणूस आला की पोलिसात नोंद होतेच, त्यात विशेष काही नाही, असं मला सांगण्यात आलं. शिपाई आला. त्यानं मला पडद्याबाहेर उभं केलं. आत सिस्टर तिला समजावत होती, काकू घाबरू नका, तुमचं नाव कुठं जाणार नाही, जे झालं ते सांगा. थोड्या वेळानं बायकोचा फाटका आवाज आला, पाय घसरला. शिपायानं ते लिहून घेतलं. त्याचा विश्वास बसला नव्हता, डॉक्टरचा बसला नव्हता, सिस्टरचा तर नव्हताच. आणि मजा अशी की बाहेर उभ्या असलेल्या माझाही बसला नव्हता.

दुपारी जबड्याच्या डॉक्टर आल्या. वयानं पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. डोक्याभोवती मशीन फिरवून काढलेला लांबट फोटो त्यांनी उजेडावर लावला आणि मला बोलावलं. सगळा जबडा एका ओळीत उलगडून ठेवलेला दिसत होता. हनुवटीत मधोमध तडा होता आणि दोन्ही कानांपाशी, जिथं जबडा कवटीच्या सांध्यात बसतो, तिथल्या हाडाच्या दोन्ही माना मोडलेल्या. मार खाली बसला, पण हाड वर मोडलं, हे मला पटलं. आमच्याकडेही घाव एकीकडे बसतो आणि नग भलतीकडेच तडकतो. त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे सगळ्यात जास्त येतात ते हेल्मेट न घालता गाडीवरून पडलेले. मग मारामारीतले, त्यांचा जबडा बहुतेक बाजूला मोडतो. आणि मग बायका. बहुतेक बायका बाथरूममध्ये पडलेल्या असतात, असं त्या फोटोकडे बघत म्हणाल्या.

मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा. त्यांनी बायकोचे तळवे आणि मनगटं पाहिली होती. तेच त्यांनी सांगितलं.

"शुद्धीवर असलेला माणूस पडताना हात पुढे करतो. यांच्या हातांना खरचटलेलंसुद्धा नाही. म्हणजे एकतर पडायच्या आधी शुद्ध गेली होती, किंवा हात मोकळे नव्हते."

शुद्ध जायची तर ती पडायच्या आधीच साखर उतरलेली हवी, आणि पोहे खाल्ल्यावर ती एवढी उतरायचं कारण नव्हतं. ते कारण मीच छातीठोकपणे खोडून टाकलं होतं. राहता राहिलं दुसरं.  पट्टीचा हात खिशात घातला, आणि घातल्यावर लक्षात आलं की हे त्याहून वाईट दिसलं.

संध्याकाळपर्यंत घोटीहून मेहुणा आला. त्याची भाताची शेती आहे, बहिणीवर जीव आहे. एरवी तो मला वाकून नमस्कार करतो. त्या दिवशी जिन्याशी उभा राहून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दाजी, घसरून पडलेली मानसं म्या लय पाह्यली," तो म्हणाला. "हात मोडतो, कंबर मोडती. थोबाड नाय मोडत."

मी म्हटलं, ती स्वतः सांगतेय ना. तो म्हणाला, ताई काय सांगती ते म्या ऐकलं, तुम्ही काय सांगता ते बोला. आता मी काय सांगणार? बाथरूम कोरडं होतं, हे एकच मला माहीत होतं, आणि ते सांगितलं असतं तर माझाच गळा अडकला असता. तेव्हा मीही बाथरूमच सांगितलं. म्हणजे खोटं मीही बोललो, आणि खोटं बोलताना माझा चेहरा कसा होतो हे मेहुण्याला ठाऊक आहे.

मुलगी पुण्याहून गणपतीसाठी निघालीच होती, ती सरळ दवाखान्यात आली. खालच्या बाईंनी तिला फोनवर मखराचं भांडण ऐकवलेलं होतं. तिनं आईच्या केसांवरून हात फिरवला, मग माझ्याजवळ येऊन माझ्या हाताकडे बघितलं. मी म्हटलं, पुठ्ठा कापताना लागलं. ती "हं" म्हणाली. लहानपणी शाळेत कोणाशी भांडून आली की मी तिला असंच "हं" म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी गणपती आले. डोक्यावर टोपी घालून मेहुण्यानं मूर्ती आणली, मुलीनं मोदक केले, मी पूजा सांगितल्याप्रमाणे केली. दीड दिवसाचे असतात आमच्याकडे, ते झाले. पण त्या सगळ्या गडबडीतही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. मला बायकोजवळ एकटं सोडत नव्हते. मुलगी गेली की मेहुणा बसे, मेहुणा चहाला उठला की सिस्टरला काहीतरी काम निघे. मी आलो की खुर्ची द्यायचे, पण ती खाटेपासून लांब असायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं चोरी केलीच नव्हती, तरी मी चोरट्यासारखा वावरू लागलो होतो.

साखर ताळ्यावर आल्यावर ऑपरेशन झालं. नाकातून नळी घालून भूल दिली, हनुवटीवर छोटी पट्टी स्क्रूनं बसवली, आणि वरच्या-खालच्या दातांना धातूच्या कडा बांधून दोन्ही जबडे तारांनी एकमेकांना आवळून टाकले. कानापाशीचं हाड उघडायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसले की हाड आपोआप त्यांच्यामागं येतं, म्हणाल्या. आता काही आठवडे तोंड बंद. बोलायचं ते दातांच्या फटीतून, खायचं ते पातळ. घोटीच्या तांदळाची पेज मुलगी गाळून आणायची आणि शेवटच्या दाढेमागच्या जागेतून सिरिंजनं हळूहळू सोडायची. बायको ती गिळताना डोळे मोठे करायची. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

खाटेच्या डोक्याशी लाल नाडीला बांधलेली तार कापायची कातर टांगलेली होती. उलटी झाली तर ती बाहेर पडायला जागा नाही, जीव गुदमरेल, म्हणून आधी तारा कापायच्या आणि मग हाक मारायची, असं सिस्टरनं शिकवलं. कुठली तार आधी, कुठली नंतर, हे तिनं मुलीला दाखवलं आणि मेहुण्यालाही दाखवलं. मी पुढे झालो तर म्हणाली, काका, दोघं पुरे आहेत. जन्म गेला माझा तारा, कडा आणि स्क्रू तपासण्यात. पण माझ्या बायकोचा जीव ज्या कातरीवर होता, ती माझ्या हातात द्यायला कोणी तयार नव्हतं. त्याचं मला इतकं लागलं की त्या दिवशी मी जेवलो नाही.

डिस्चार्जची बोलणी सुरू झाली तेव्हा मुलीनं मला व्हरांड्यात नेलं. तिनं सगळं आधी ठरवून ठेवलं होतं, आवाजावरून कळत होतं.

"बाबा, आईला मी पुण्याला नेतेय. तारा निघेपर्यंत आणि नंतरही. तुम्ही सध्या येऊ नका."

मी विचारलं, तुला वाटतं मी हात उचलला? तिनं व्हरांड्याचा कठडा धरला.

"मला काही वाटून घ्यायचं नाहीये. पण आई खोटं बोलतेय, हे मला दिसतंय. आणि ती फक्त तुमच्यासाठीच खोटं बोलते."

यावर मी ओरडलो असतो तर बरं झालं असतं, पण ओरडलो नाही. उभ्या आयुष्यात मी घरात जो आरडाओरडा केला, तो सगळा त्या एका क्षणी माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला. मी घरी निघून आलो. जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबलो, मग वर गेलो.

माल परत आला की आम्ही चिडत नाही. पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासायला लागतो, आणि त्यात प्रत्येकाला एकच विचारतो, तू काय बघितलंस आणि काय धरून चाललास. रिकाम्या घरात बसून मी ते स्वतःला विचारलं. गोळी गिळताना बघितली. तोंड बघितलं. पोहे वाढून घेताना बघितले. खाताना? खाताना मी पंचवटीच्या रिक्षात होतो.

मग मी शोधायला लागलो. घासलेली भांडी, कचऱ्याची बादली, बाल्कनीतल्या कुंड्या. फ्रीज मोदकाच्या पिठीनं आणि उरलेल्या प्रसादानं गच्च भरला होता. सगळं काढून ओट्यावर मांडलं. सगळ्यात खालच्या भाजीच्या खणात, सुकलेल्या पत्रीखाली, स्टीलचा छोटा डबा होता. उघडला. पोहे होते, वाळून कडक झालेले. वर लिंबाची फोड तशीच, न पिळलेली.

गोळी आणि तिच्यापुरतं पाणी घेतलं, आणि पुढे थेंबही न घेता उपास केला. देव्हाऱ्यासमोर पूजेची तयारी करताना साखर उतरली, शुद्ध गेली, हनुवटीवर आपटली. माझ्या हातचं पाणी ढकललं, कारण निर्जळी होती. डॉक्टरांसमोर उपास सोडायचं कबूल केलेलं, म्हणून बाथरूम. सगळे तुकडे एकमेकांवर बसले. मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात एकटाच हसलो. मी सुटलो होतो. डबा पिशवीत घातला आणि असा दवाखाना गाठला की वाटेत कुठं वळलो तेही आठवत नाही.

खोलीत मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मेहुणा खिडकीशी होता. मी डबा बायकोच्या पुढ्यात ठेवून झाकण काढलं. तिनं आत पाहिलं आणि पदर डोळ्यांवर घेतला. मुलीला समजायला वेळ लागला नाही.

"आई, उपास धरलास? गोळी घेऊन?"

दातांच्या फटीतून, तारांमधून उत्तर आलं. "गोळी न घेता सुटते कुठली? हे समोर उभे राहतात."

आणि मग तिनं असंही बजावलं की उपास काही मोडला नाही. गोळीच्या घोटानंतर तोंडातून काही गेलं नव्हतं, आणि औषध नि शिरेतून दिलेलं धरत नाहीत. मेहुणा मटकन खुर्चीवर बसला. पोलीस, सिस्टर, पुण्याला जाणं, यातलं काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिची भीती एवढीच, की मला कळलं तर मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडेन. मी ओरडलोही. डॉक्टरांना बोलवा, त्या शिपायाला बोलवा, खालच्या बाईंना फोन लावा, असं माझं सुरू झालं. मुलगी एकीकडे रडत होती आणि एकीकडे माझी बाही धरून मला खाली बसवत होती. बाबा, चुकलं माझं, म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला एवढ्या झटकन निर्दोष ठरवत होतं आणि मला ते संपूच नये असं वाटत होतं.

मग मुलीनं आईला विचारलं की गेल्या वर्षी सोडलेला उपास यंदाच का धरला. बायकोनं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, सांग की, आता काय लपवायचं राहिलंय.

"हे जिन्यात थांबतात," ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. मला कळलं.

"पहिल्या मजल्यावर. मी वरून कठड्यातून बघते. बुटाची नाडी बांधायला वाकतात आणि छातीवर हात धरतात." तिला दम लागला, गिळायला ती थांबली. "चपला घातलेल्या असल्या, तरी वाकतात."

 तिनं पुढचं तुटक तुटक सांगितलं. श्रावणापासून चाललंय. विचारलं असतं तर ओरडले असते, डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर गेले नसते. दुसरं काय करणार होते मी, जे हातात होतं ते केलं, म्हणाली. मी इतका काळ तिच्या गोळ्या मोजत होतो, तिची जीभ तपासत होतो, आणि माझी तपासणी वरच्या कठड्यावरून चालली होती याचा मला पत्ताही नव्हता.

मुलीनं फक्त "बाबा?" एवढंच म्हटलं. मी म्हटलं, ॲसिडिटी आहे, पंचवटीतली मिसळ सोसत नाही आताशा.

"खोटं," बायको तारांमधून म्हणाली.

मला त्याच कॅज्युअल्टीत खाली नेलं. बायको ऐकेना, म्हणून तिला चाकाच्या खुर्चीत बसवून मेहुण्यानं ढकलत आणली. निघताना मुलीनं खाटेच्या डोक्याशी टांगलेली कातर काढली आणि माझ्या हातात दिली. धरा, आईबरोबर असायला हवी, म्हणाली. मी ती लाल नाडी मनगटाला गुंडाळून घेतली. खाली तोच तरुण डॉक्टर होता, तीच सिस्टर होती. शर्ट काढून मला खाटेवर झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या. कागदावर रेघा उमटत राहिल्या आणि डॉक्टर त्या बघत राहिला. त्याला त्या आवडल्या नव्हत्या, एवढं मला कळलं.

त्यानं विचारलं, कधीपासून दुखतंय. मी म्हटलं, नाही हो, आज जरा घाईनं चालत आलो म्हणून. त्यानं माझं ऐकलं, आणि मग माझ्यावरून नजर काढून खुर्चीतल्या बायकोकडे पाहिलं. "श्रावणापासून," ती म्हणाली. त्यानं तेच लिहून घेतलं.

मोठ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. तोवर लगेच घ्यायची म्हणून सिस्टरनं एक गोळी आणि पाण्याचा पेला आणला. बायकोनं हात पुढे करून दोन्ही तिच्याकडून घेतलं. गोळी माझ्या तळहातावर ठेवली, पेला माझ्या हातात दिला. मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलो. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. सिस्टरही थांबली होती, मुलगीही.

मग दात घट्ट बांधलेल्या त्या तोंडातून ती म्हणाली, "तोंड उघडा बघू."

मी उघडलं आणि जीभ वर करून दाखवली.